कुठल्या न्यागुथीची आई

पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर यादी लिहिली होती. गुन्हेगारी आणि न्याय या विषयात पदवी घेतली की माणूस काय काय होऊ शकतो, त्याची. पोलीस अधिकारी, गुप्तहेर, तुरुंग अधिकारी, प्रोबेशन अधिकारी, बालगृहाचा अधीक्षक, बँकेत सुरक्षा प्रमुख, विमा कंपनीत फसवणूक शोधणारा, अशी चौदा नावं. मी ती वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतली. तेव्हा माझी लेक न्याविरा झालेली नव्हती. माझी झोप पुरी व्हायची आणि चौदातलं एखादं दार आपल्यासाठी उघडेल असं वाटायचं.

आता चौथं वर्ष. आमच्या आधीच्या तुकडीत पहिला आलेला विद्यार्थी हल्ली सुपरमार्केटच्या दारात उभा राहून लोकांच्या पिशव्या तपासतो. मी दिसले की टाचा जुळवून सलाम ठोकतो आणि म्हणतो, "या, या, सहकारी!" माझे सासरे तर पहिल्यापासूनच म्हणत आलेत, "चार वर्षं शिकून शेवटी चोरांशीच बोलायचं ना? ते बाजारात फुकट भेटतात."

शेवटच्या सत्रात तीन महिन्यांचं प्रात्यक्षिक असतं. मला तालुक्याची प्रोबेशन कचेरी मिळाली. तिथे मुरीगू सर. एकोणीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेले. तीन विभागांना मिळून दोन अधिकारी, त्यातली दुसरी बाळंतपणाच्या रजेवर. दाराशी सरकारी गाडी उभी असते. गाडी असते तेव्हा पेट्रोल नसतं, पेट्रोल येतं तेव्हा ड्रायव्हर नसतो. म्हणून प्रात्यक्षिकाच्या मुलांना एकटं पाठवायचं नाही असा नियम असूनही सर मला एकटीला पाठवायचे. मीही जायचे. प्रात्यक्षिकाच्या मूल्यमापनाचा फॉर्म त्यांच्याच हातात होता.

त्यात ते प्रकरण आलं. लिडिया वाकोन्यो गिचुही, वय एकोणतीस, प्राथमिक शाळेत स्वयंपाकीण. शाळेच्या कोठीतून चार किलो घेवडा आणि तेलाचा डबा टोपलीत घालून नेताना फाटकावर पकडली. गुन्हा कबूल केला. मॅजिस्ट्रेट मॅडमनी आमच्याकडून अहवाल मागवला. बाई घरी ठेवून सुधारण्यासारखी आहे का? असेल तर सामाजिक सेवा, नसेल तर सहा महिने आत. पाच महिन्यांचं बाळ अंगावर पीत होतं, ते कोठडीत तिच्याबरोबरच होतं. चार वर्षांखालचं मूल आईबरोबर आत जातं. आमच्या पुस्तकात तो एका ओळीचा नियम आहे. मी तो परीक्षेत लिहून दोन गुण मिळवले होते.

कोठडीत आम्हाला दहा मिनिटं मिळाली. बाकावर ती, समोर मी, दारात पहारेकरीण. बाळ दूध पीत होतं आणि मधेच सोडून माझ्या पेनाकडे बघत होतं.

"दारू?" मी फॉर्मवरचा प्रश्न वाचला.

"नाही पीत."

"कधीतरी? लग्नाकार्यात?"

"देवाशप्पथ नाही."

"मग घेवडा विकायला नेला?"

"मुलांसाठी."

"किती मुलं?"

"दोन. हा, आणि मोठी."

"हा तर अजून दूध पितो. मग एकट्या मोठीला चार किलो?"

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मुलं खातात."

मी लिहिलं, उत्तर टाळते. मग तिचं लक्ष माझ्या ब्लाउजकडे गेलं. सकाळपासून घरी गेले नव्हते, दोन्हीकडे ओले डाग पडले होते. मी वही छातीशी धरली.

"तुलाही लहान आहे," ती म्हणाली.

"दहा महिन्यांची."

"मग लवकर जा गं घरी."

गावाला गेले त्या दिवशी न्याविराला दुसऱ्या दिवसाचा ताप होता. सासूबाईंपाशी ठेवून निघाले. मटाटूतून, आमच्याकडच्या वडाप गाडीतून, उतरून चहाच्या मळ्यांमधून तासभर चढ चढायचा होता, लाल चिखलात पाय रुतत होते. फोन हातातच धरलेला, दर पाच मिनिटांनी बघायचं, घंटा आपल्याला ऐकू आली नाही असं तर नाही ना. गिचुहीच्या आवाराचं फाटक बंद होतं. आत पत्र्याची तीन-चार घरं, एकाला कुलूप. हाका मारल्या, फक्त कोंबड्या आल्या. गावात कुणाचा तरी अंत्यविधी होता, सगळे तिकडे. गावचा मुखियाही तिकडेच.

अहवालाला शेजारपाजारचे तीन साक्षीदार लागतात. खाली दुकान उघडं होतं.

"लिडिया?" दुकानदार म्हणाला. "लिडिया कोण?"

"गिचुहीची सून."

"हां! न्यागुथीची आई म्हणा ना!"

"तीच."

आरोपीचा गुन्हा बाहेर बोलायचा नाही, नुसतं 'घर कसं आहे' विचारायचं, ही सरांची शिकवण. तसंच विचारलं.

"बरं झालं बाई, शेवटी आलात तुम्ही," दुकानदाराने वजनकाटा बाजूला सारला. "तिला सकाळीच लागते. चहाआधी. मुलं दारोदार फिरतात."

दूध संकलन केंद्रावर वही लिहिणारा म्हणाला, "न्यागुथीची आई? गेल्या महिन्यात चरात पडली होती. पोरीनं ओढत घरी नेली. एवढीशी पोर." चर्चच्या पायऱ्या झाडणारी बाई झाडू टेकवून म्हणाली, "आम्ही प्रार्थना करून दमलो, ती पिऊन दमत नाही."

तीन झाले. तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई म्हणत होत्या, "अंगाचा चटका बसतोय. तू ये." मी उतारावरून अक्षरशः धावत सुटले. कोठडीतली बाई डोक्यात होती, ती एवढीच, की माझ्या तोंडावर देवाची शपथ घेऊन सांगते, पीत नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. एका मांडीवर न्याविरा, दुसरीवर वही, असा अहवाल लिहिला. 'आरोपी मद्याच्या आहारी गेली असून ती ते ठामपणे नाकारते. स्वतःच्या दोषाची जाणीव दिसत नाही. मुलांची आबाळ होते. समाजात ठेवून सुधारणा होण्याची शक्यता अल्प.' नाकारणं हीच व्यसनाची पहिली खूण, हे तिसऱ्या वर्षाच्या नोट्समध्ये मी अधोरेखित केलेलं होतं. वाक्यं छान जमली होती. मला त्यांचा अभिमान वाटला होता, हे सांगूनच टाकते.

मुरीगू सरांनी चष्मा कपाळावर चढवून अहवाल वाचला. "भाषा चांगली आहे तुझी," म्हणाले आणि सही केली. "बाळ कसं आहे?"

"बरं आहे, सर."

सोमवारी अहवाल कोर्टात गेला. सुनावणी गुरुवारी होती.

बुधवारी मी न्याविराला लसीसाठी दवाखान्यात नेलं. बरोबर माझी धाकटी जाऊ वामैथा, तिची चार महिन्यांची घेऊन. बाकावर पंधरा-वीस बायका, सगळ्यांच्या मांडीवर रडणं. नर्सने दारातून कार्ड हलवत हाक मारली, "न्याविराची आई!"

आम्ही दोघीही उठलो.

"बस गं, मला बोलावलं," वामैथा म्हणाली.

"तुला कसं? आधी मी आले."

"अहो, किती न्याविरा आहेत इथे?" नर्स वैतागली.

"सिस्टर, सध्या दोनच," वामैथा म्हणाली. "सासूबाईंचा तिसरा मुलगा लग्नाचा आहे अजून. एक इंजेक्शन राखून ठेवा."

बाक हसलं. नर्सही हसली. "एकीलाच दोनदा टोचलं तर मला आत टाकतील हो!"

"घाबरू नका, ही जाऊ माझी तेच शिकते. ही लिहील तुमचा अहवाल. चांगलं लिहिते."

मीही हसत होते. आणि हसताहसताच मला गिचुहीचं आवार आठवलं.

आमच्यात पहिल्या मुलीला नवऱ्याच्या आईचं नाव. जितके भाऊ, तितक्या घरांत त्याच नावाची एकेक थोरली मुलगी. आणि बाई तर पहिल्या मुलाच्या नावानंच ओळखायची. गिचुहीला मुलगे किती, हे मी विचारलंच नव्हतं. आवारात घरं तीन-चार होती, मी डोळ्यांनी पाहिली होती. दूर समुद्राकाठचा, आमच्या चालीरीती माहीत नसलेला कुणी आला असता तर त्याने ही चूक केली नसती. त्याने नाव कळत नाही म्हणून वय विचारलं असतं, नवरा विचारला असता, फोटो दाखवला असता. मी इथली. मला 'न्यागुथीची आई' एवढं पुरलं. आयुष्यभर आम्ही तेवढ्यावरच माणसं ओळखतो.

"हिला धर," मी न्याविराला वामैथाच्या दुसऱ्या मांडीवर ठेवलं.

"अगं, आणि लस?"

"दोघींना एकेक. कार्ड नीट बघ. नुसतं नाव नाही, जन्मतारीखही बघ."

"कुठे निघालीस? काय झालं तरी?"

मी बाहेर पळाले. बोडावाल्याच्या मोटारसायकलवर मागे बसले आणि म्हटलं, जितकी जोरात जाईल तितकी. त्याने विचारलं, "कोण आजारी आहे?"

या वेळी फाटक उघडं होतं. अंगणात एक म्हातारी पाय पसरून मक्याची कणसं सोलत बसली होती. मी श्वास घेत विचारलं, "लिडियाचं घर कुठलं?"

"आमची वाकोन्यो? ती नाही घरी." म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही कोण?"

"प्रोबेशन कचेरीतून आलेय, आजी. न्यागुथीची आई म्हणतात ती..."

"कुठली?"

म्हातारीने मान वळवून हाक दिली, "न्यागुथी!"

स्वयंपाकघराच्या मागून तीन मुली एकदम आल्या. तिघींच्या हातात रिकाम्या थाळ्या. एक नऊ-दहाची, एक सहाची, एक नुकती चालायला शिकलेली म्हणावी एवढीशी.

"ही थोरल्याची, ही मधल्याची, ही धाकट्याची," म्हातारी कणसानं दाखवत म्हणाली. "चौथी मी. वाकोन्यो मधली सून. ही सहावाली तिची."

"वाकोन्यो पिते का?"

म्हातारीला हसू आलं, समोरचे दात नव्हते. "तिला खोकल्याच्या औषधाने गरगरतं."

पलीकडच्या घराचं दार अर्धं उघडं होतं. आत जमिनीवर कुणीतरी आडवं होतं, नुसते पाय दिसत होते, एका पायात चप्पल. भर दुपारी बारा वाजता. म्हातारीने माझी नजर पाहिली आणि खांद्यावरचं कापड ओढून घेतलं.

"त्या घरची मुलं कुठे जेवतात, आजी?"

"जिथे चूल पेटते तिथे. पाच जण आहेत. मुलं खातात हो." मग म्हणाली, "वाकोन्यो गेल्यापासून मी पेटवते. पण माझ्याकडे नुसता मका आहे, घेवडा कुठला?"

थोरली न्यागुथी थाळीच्या काठावर नखानं काहीतरी खरवडत उभी होती. तिनंच ओढत आणलं असणार आईला, चरातून.

"हे लिहू नका बाई," म्हातारी म्हणाली. "थोरली सून आहे ती."

कचेरीत पोचले तेव्हा मुरीगू सर कागदावर उकडलेलं रताळं ठेवून खात होते.

"सर, गिचुहीचा अहवाल चुकला."

"स्पेलिंग?"

"बाई."

"काय?"

"बाई चुकली, सर. मी दुसऱ्याच बाईबद्दल लिहिलंय. तिच्या जावेबद्दल."

सरांनी रताळं खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं, दवाखान्यासकट. ते ऐकत होते आणि बोटं रुमालाला पुसत होते, स्वच्छ झाली तरी पुसतच होते.

"सही माझी आहे," ते शेवटी म्हणाले.

"हो सर."

"आणि तुला एकटीला पाठवलं, हेही वर जाणार."

"हो."

"तुझा फॉर्म या कपाटात आहे, माहीत आहे ना? पुढच्या महिन्यात भरतीची जाहिरात निघतेय. जागा चाळीस. आजपर्यंत अर्ज किती आले असतील सांग."

"नाही माहीत."

"मलाही नाही. मोजणाऱ्याने मोजणं सोडलं." ते खिडकीतून गाडीकडे बघत राहिले. गाडीच्या टपावर मांजर झोपलं होतं. "काही न बोलता राहिलीस तर उद्या तिला सहा महिने होतील. कुणालाही कळणार नाही. ती स्वतःही समजेल की कायदा असाच असतो."

"म्हणून तर आले, सर."

"एकोणीस वर्षं," सर म्हणाले. "किती 'अमक्याची आई' लिहून सह्या केल्या असतील मी? तू परत गेलीस म्हणून तुला कळलं. मी किती वेळा परत गेलो?" त्यांनी खुंटीवरचा कोट काढला. "चल. कोर्टाचा कारकून चारला उठतो."

कारकुनाने हात वर केले. अहवाल फायलीला लागला होता. जे काय ते उद्या मॅडमपुढे.

गुरुवारी मॅजिस्ट्रेट मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, आमचा जुना अहवाल आणि तो मागे घेण्याचं सरांचं पत्र.

"मिस्टर मुरीगू, ही सही तुमची?"

"हो, मॅडम."

"आणि तुम्हीच आता म्हणता की हे वर्णन दुसऱ्याच कुठल्या बाईचं आहे?"

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं.

"गावी कोण गेलं होतं?"

मी उभी राहिले.

"विद्यार्थिनी?"

"हो, मॅडम."

"काय शिकवतात तुम्हाला तिथे?"

मला ती चौदा नावं आठवली. दुसरं काहीच आठवेना.

सरांनी विनंती केली की आरोपीला तोवर घरी जाऊ द्यावं, तान्हं मूल आहे. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "कशाच्या आधारावर? या बाईबद्दल विश्वास ठेवावा असा एकही कागद माझ्यापुढे नाही. सात दिवस. नवा अहवाल आणा. तोवर कोठडी."

सात दिवस. माझ्यामुळे ती सहा महिन्यांतून वाचेल असं मनात धरून आले होते, आणि माझ्यामुळेच तिचे सात दिवस वाढले. पिंजऱ्यातून खाली उतरताना बाळ खोकलं. खोल, घरघरणारा खोकला. ती त्याच्या पाठीवर थोपटत गेली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात मी गावाला तीनदा गेले. एकदा सर स्वतः आले, आपल्या पैशाने मटाटूत बसून, आणि चढावर चारदा थांबले. मुखिया, मुख्याध्यापिका, पाद्री, दाई, प्रत्येकाला मी आधी विचारायचे, "कुठली न्यागुथीची आई? नवऱ्याचं नाव काय? कितवा मुलगा? तिचं माहेर कुठलं?" मुखिया शेवटी म्हणाला, "चौकशी करताय की सोयरीक जमवताय?" दुकानदाराने डोक्याला हात लावला. "मधली? तुम्ही मधलीबद्दल विचारत होता? अहो, ती तर सोनं आहे! मला वाटलं तुम्ही थोरलीच्या मुलांसाठी आलात. केव्हापासून सांगतोय, कुणीतरी येऊन बघा म्हणून."

मधे एक दिवस कोठडीत गेले. बाळाला औषध मिळालं होतं, खोकला कमी होता, तरी मी आधी तेच विचारलं. मग म्हटलं, "तुझ्या जावेची मुलं तुझ्या चुलीवर जेवतात. पाच. हे लिहिलं तर मॅडम समजून घेतील."

"कुणी सांगितलं?"

"मी गेले होते. पाहिलं."

तिने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मग तिची मुलं नेतील."

"कोण?"

"तुझ्यासारखं कुणीतरी. वही घेऊन येईल आणि नेईल."

"पण तूच म्हणालीस, मुलं खातात. त्यांना आता कोण घालणार?"

"म्हणून मला घरी जायचंय." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. पहारेकरीण वळून पाहू लागली, तशी तो उतरला. "लिही, घरातली मुलं. किती, कुणाची, ते नको. कोर्टात सगळ्या गावासमोर वाचतात. ती पिते, पण ऐकते ना सगळं."

"मॅडम विचारतील, एवढा घेवडा कशाला."

"तू विचारलंस. प्रत्येकजण तुझ्यासारखा विचारत नाही."

तो टोमणा होता की काय, मला कळलं नाही. घरी येऊन मी एका वाक्यासाठी दोन तास घालवले. न्याविराने पेनाचं टोपण चावून टाकलं. शेवटी लिहिलं, 'आरोपी एकत्र कुटुंबातील लहान मुलांना जेवू घालते. तिच्या गैरहजेरीत त्यांचे हाल होत आहेत.' खाली साक्षीदारांची नावं, प्रत्येकापुढे: 'मधल्या मुलाची पत्नी, याची खात्री केली.'

सरांनी वाचलं. "हे मागच्याइतकं सुंदर नाही."

"नाही सर."

"बरं आहे," म्हणाले आणि सही केली. मग कपाटातून माझा फॉर्म काढून त्याच पेनाने भरला आणि माझ्यासमोर सरकवला. 'माहितीची पडताळणी' या रकान्यात 'क' श्रेणी. खाली शेऱ्यात एकच ओळ होती: 'हिला एकटीला पाठवू नये. कुणालाच एकटं पाठवू नये.' भरतीच्या वेळी हा फॉर्म कुणी वाचला तर काय वाटेल, मी विचार केला, आणि विचार करायलाही दमले.

गुरुवारी वाकोन्योला सामाजिक सेवा मिळाली. तीन महिने, रोज सकाळी दवाखान्याचं आवार झाडायचं. शाळेतली नोकरी मात्र गेली. ती मॅडमच्या हातात नव्हती, आमच्याही नाही.

कोर्टाबाहेर ती पायरीवर बसून बाळाला पाठीशी बांधत होती. मी कापडाचं टोक धरलं, तिने गाठ मारली. मला माफी मागायची होती, पण कुठल्या शब्दांनी मागायची ते कुठल्याच वर्षाच्या नोट्समध्ये नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "सात दिवस गेले तुझे."

"सात नाही. तेवीस," ती म्हणाली. "पण सगळे तुझे नाहीत." मग टोपली उचलत, "उद्यापासून दवाखाना झाडायचाय. तू येतेस ना तिथे लहानीला घेऊन?"

"येते. पुढच्या महिन्यात लस आहे."

"मग तिथे कुणाचं नाव सांगू, ओळखीची आहे म्हणून? तुझं नाव काय?"

"वाशुका."

"ते कागदावरचं. घरचं?"

"न्याविराची आई."

वाकोन्यो थांबली. चेहरा दमलेलाच होता, पण ओठाचा एक कोपरा वर गेला.

"कुठली?"

"कामोथोची बायको," मी म्हटलं. "थुओची थोरली सून. दहा महिन्यांच्या न्याविराची आई. जावेची चार महिन्यांची आहे, ती वेगळी."

"हां," ती म्हणाली. "असं विचारायचं असतं."

आणि ती उन्हात स्टँडकडे चालू लागली. तिला तासभर चढ चढायचा होता, आणि वर पोचल्यावर चूल पेटवायची होती.